चाकांच्या घरातले हळदीकुंकू

आमच्या भावी घराची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्याला नव्या चपलांच्या दुकानाचा वास येत होता. गोंद, रेक्झिन, ताजे प्लायवूड, आणि त्या सगळ्यांवर कुणीतरी मायेने फवारलेले व्हॅनिला. मी डोळे मिटून तो वास छातीत भरून घेतला आणि म्हणाले, "इथे मला घरपण जाणवतंय." सईने, माझ्या मुलीने, एक उसासा टाकून ते वाक्य इंग्रजीत सेल्समनपर्यंत पोहोचवले. सेल्समनचे नाव डेल. त्याने लगबगीने खिडकी उघडली आणि सांगितले की काळजी करू नका, आठवड्याभरात जातो तो.

हे घर म्हणजे एक फिफ्थ व्हील ट्रेलर होता. पिकअप ट्रकच्या पाठीवर नाक टेकवून रस्त्याने चालणारे, चांगले ऐसपैस, चाकांवरचे घर. आत ओटा, बैठक, न्हाणी, आणि दोन पायऱ्या चढून गेले की निजायची खोली. शिकागोजवळच्या नेपरव्हिलचे आमचे घर विकायचे आणि बारा महिने अशा ट्रेलरमध्ये राहायचे, थंडीत दक्षिणेला उतरायचे, उन्हाळ्यात उत्तरेला चढायचे, असा आमचा बेत होता. (ओढायला ट्रक लागतो आणि आमच्याकडे होती मिनीव्हॅन, ही गोष्ट खरी. पण मुलगी बघायला जाताना वरातीच्या घोड्याची चौकशी कुणी करत नाही.)

'आमचा बेत' असे मी लिहिते खरी, पण बेत माझा होता. त्या वर्षी टेलिफोनच्या कंपन्या एकामागून एक बसल्या आणि माझ्या नवऱ्याची, अरविंदची, आयुष्यभराची नोकरी एका सकाळच्या मीटिंगमध्ये संपली. हा माणूस हायवेवर पुढे ट्रेलर दिसला की त्याला ओलांडून न जाता मैलोन् मैल त्याच्या मागे राहायचा आणि त्याच्या चाकांचे, सांध्यांचे कौतुक करत बसायचा. रिटायर झालो की आपणही असेच निघू, म्हणायचा. नोकरी गेली आणि त्याचे काही म्हणणेच थांबले. बेसमेंटमधल्या आरामखुर्चीत बसून तो बंद टीव्हीकडे बघत राही. जेवायला काय करू? "बघू." सईकडे शिकागोला जाऊन येऊ या? "बघू." दिवसेंदिवस मी त्या एका शब्दावर संसार करत होते. शेवटी मी ठरवले, खुर्चीतून माणूस उठत नसेल तर खुर्चीसकट घरालाच चाके लावावीत. घर विकून ट्रेलर घेऊ, असे मी म्हटले तेव्हाही तो "बघू"च म्हणाला. पण कोट चढवून माझ्याबरोबर निघाला. त्या हिवाळ्यात तेवढेही पुष्कळ होते.

निवडीची जबाबदारी साहजिकच माझ्याकडे आली. अरविंद खिशात हात घालून मागे उभा राही, एखाद्याच्या साखरपुड्याला चुकून आलेल्या माणसासारखा. आता मी पडले कवितेवर वाढलेली बाई. बाकीची गिऱ्हाइके डेलला पाण्याच्या टाक्या विचारत, टायर विचारत. मी विचारले, पाऊस आला की छतावर त्याचा आवाज कसा येतो? डेल छातीवर हात ठेवून म्हणाला की एक थेंब आत येणार नाही. मी विचारले, संध्याकाळचा उजेड या ओट्यापर्यंत पोहोचतो का? त्याने दिवा लावून दाखवला. आम्ही दोघे एकमेकांशी अतिशय अदबीने वागत होतो आणि एकमेकांचे एक अक्षरही आम्हाला कळत नव्हते.

तरीही चाळता चाळता तीन ट्रेलर उरले, आणि त्या तिघांत माझा एक लाडका ठरला. त्याच्या मागच्या भिंतीत एक भलीमोठी खिडकी होती. तिच्यात अख्खे क्षितिज मावत होते! (त्या वेळी क्षितिजावर टायरचे दुकान होते, पण क्षितिज बदलता येते, हाच तर ट्रेलरचा फायदा.) शिवाय त्याची बैठक सरकती होती. प्रवासात सोफ्यासकट ती अख्खी बाजू आत ओढून घ्यायची आणि मुक्कामाला पोहोचलो की बटण दाबून बाहेर सारायची. बघता बघता खोली दुप्पट.

"छाती भरून श्वास घेणारं घर आहे हे," मी अरविंदला म्हणाले.

"हं," अरविंद म्हणाला.

माझे मन तिघांमध्ये घोटाळते आहे हे पाहून डेलने सुचवले की रविवारी निवांत या, फॅमिलीला आणा, आवडलेल्या ट्रेलरमध्ये घरच्यासारखे थोडे बसा, म्हणजे आपोआप कळेल. या देशात माझे केस पांढरे झाले, तरी मला कळायला हवे होते ते कळले नाही. हे असे सगळ्यांनाच म्हणायचे असते, आणि कुणी ते मनावर घ्यायचे नसते. मी मनावर घेतले. फॅमिली म्हणजे काही आम्ही तिघेच नव्हे. त्यात संक्रांत होऊन गेली होती, रथसप्तमी तोंडावर आली होती आणि माझे त्या वर्षीचे हळदीकुंकू राहिले होते. ज्या घरात चार बायकांना बोलावून अत्तर लावता येत नाही त्या घरात मी बारा महिने कशी नांदणार? आणि ही परीक्षा घर घेण्याच्या आधी घ्यायची की नंतर? मी फोन फिरवायला बसले.

रविवारी सकाळच्या गाडीने सई शिकागोहून आली. स्टेशनवर मिनीव्हॅनचे दार उघडले आणि तिला आत परात, उसळीचे पातेले, तिळगुळाचा स्टीलचा डबा, कॉफीचे थर्मास आणि वाणाच्या पिशव्या दिसल्या.

"आई, धिस इज अ डीलरशिप."

"त्यांनीच बोलावलंय."

"दे से दॅट टू एव्हरीवन!"

आदरातिथ्य म्हणजे काय हे तुमच्या पिढीला कळायचे नाही, असे मी तिला ऐकवले. अरविंदने परातीला सीटबेल्ट लावला.

मैत्रिणी वेळेवर आल्या. जाडजूड कोटांखालून पैठण्यांचे काठ डोकावत होते, आणि भुरभुरत्या बर्फात ट्रेलरच्या लोखंडी पायऱ्यांशी बुटांची रांग लागली, कारण घरात बूट घालून कोण जाते? डेल बाहेर आला आणि नुसता बघत राहिला. मी त्याच्या तळहातावर तिळगूळ ठेवला आणि आता वर्षभर गोड बोलायचे अशी आमची रीत समजावून सांगितली. तो म्हणाला, मॅम, माझे पोटच त्याच्यावर चालते. पलीकडून एक वयस्कर अमेरिकन जोडपे चालले होते. ते बुटांची रांग पाहून थांबले आणि हाच इथला नियम असावा असे समजून निमूटपणे बूट काढू लागले. नलूताईंनी त्या बाईंना हळदीकुंकू लावले, प्लास्टिकची गाळणी वाण म्हणून हातात ठेवली आणि परत पाठवले. बाई गाळणीकडे बघत बघत गेल्या.

नलूताई मूळच्या नागपूरच्या. आमच्या गोतावळ्यातल्या सर्वांत प्रेमळ आणि सर्वांत खणखणीत आवाजाच्या. गुडघ्यांमुळे त्या खोल सोफ्यावर बसायच्या नाहीत, म्हणून दाराजवळच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि आपल्या विहीणबाईंची बॅग विमानतळावर कशी हरवली ती गोष्ट सांगू लागल्या. समोर सोफ्यावर बायका दाटीवाटीने बसलेल्या, हातात उसळीच्या ताटल्या. त्यांच्यासमोर ओट्याला पाठ लावून मी उभी. त्या दिवशी आम्हा कुणालाच ठाऊक नव्हते ते एवढेच, की नलूताईंच्या पाठीमागे बटणांची एक ओळ होती. बैठकीचे बटण जितका वेळ दाबून धरावे तितका वेळ बैठक सरकते, आणि गोष्ट रंगात आली की नलूताई भिंतीवर रेलतात.

मला आधी काही दिसले नाही, फक्त जाणवले. खोली जवळ येत होती. मघाशी दूर वाटणारे चेहरे आता हाताच्या अंतरावर आले होते. अत्तराचा वास दाट झाला. एकीच्या नथीतला मोती मला स्पष्ट दिसू लागला. मला वाटले, एवढ्या वर्षांच्या परदेशवासात अशी जवळीक आपण कधी अनुभवली नव्हती. माझे डोळे पाणावले. पायांखालून एक मंद, सलग सूर येत होता, लांबवर कुणी जाते ओढत असावे तसा. पायऱ्यांवर बसलेल्या सईला मी हळूच म्हणाले, "ऐकलंस? हे घर गुणगुणतंय."

"आई," सई म्हणाली, "द वॉल इज मूव्हिंग."

मग एकच गलका झाला. सोफ्यावरची प्रत्येक बाई दुसरीला "ऊठ, ऊठ" म्हणत होती आणि ताटली हातात असल्यामुळे कुणीच उठत नव्हते. गलका ऐकून नलूताई घाबरल्या आणि आधारासाठी भिंतीला आणखी घट्ट चिकटल्या. सोफा माझ्या गुडघ्यांपर्यंत आला. मी ओट्यावर मागे झुकले तसा तिळगुळाचा डबा घरंगळला आणि सरकती जमीन व स्थिर जमीन यांच्यामधल्या फटीत जाऊन पडला. कर्र असा आवाज आला, मग ठप्प. दिवे गेले. हीटरचा पंखा थांबला. त्या शांततेत फक्त उसळीचा वास तेवढा हलत होता.

"मी त काहीच नाही केलं, बाई," नलूताई म्हणाल्या. "मी त इथं टेकून राहिली होती."

मी ओटा आणि सोफा यांच्यामध्ये अशी अडकले होते की उसळीची ताटली माझ्या छातीला चिकटून सरळ उभी होती. डेल धावत आला. त्याने बटण दाबले, फ्यूज बघितला, पुन्हा बटण दाबले. मेकॅनिक रविवारी नसतात, आणि आपण ट्रेलर विकतो, उघडत नाही, असे त्याने अतिशय गोड शब्दांत सांगितले. फार तर अग्निशमन दलाला बोलावता येईल. दाराकडची वाट सोफ्याने अडवली आहे, तेव्हा ते मागची मोठी खिडकी कापून एकेकीला बाहेर काढतील. माझी खिडकी! माझ्या डोळ्यांसमोर ते क्षितिज आले आणि त्यातून शालूसकट बाहेर काढली जाणारी मी आले. सईने फोन हातात घेतला.

"थांबा," बाहेरून कुणीतरी म्हणाले.

तो आवाज अरविंदचा आहे हे कळायला मला एक क्षण लागला. बायकांच्या समारंभात आपले काय काम म्हणून तो मिनीव्हॅनमध्ये जाऊन बसला होता. त्याने डेलकडे हाताने फिरवायचा दांडा मागितला, एक टॉर्च मागितला, आणि मुलाखतींसाठी घेतलेला, एकदाही न वापरलेला तो लांब कोट घालून सरळ बर्फात आडवा झाला आणि ट्रेलरखाली शिरला.

आता त्याचा आवाज माझ्या पायांखालून येऊ लागला. ठक्. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा ठक्. तो डेलला काहीतरी समजावत होता: मोटरला ब्रेक असतो, तो आधी सोडवायचा, नाहीतर दांडा जन्मात फिरणार नाही. डेल "येस सर" म्हणत होता. मग गालिच्यातून हाक आली.

"नलूताई, सोफ्यावरून कुणाला उठू देऊ नका. वजन आहे तिथेच राहू द्या."

"भाऊजी, उठता येतं कुणाला?"

आणि अरविंद हसला. जमिनीखाली, बर्फात, पाठीवर पडून तो मोकळेपणाने हसला. तो आवाज मी त्याची नोकरी गेल्यापासून ऐकला नव्हता. उसळीची ताटली छातीशी धरून मी रडायला लागले, आणि सोफ्यावरच्या बायका एका सुरात ओरडल्या, "अहो, जरा लवकर करा, वसुधाला लागलंय!"

भिंत मुंगीच्या पावलांनी मागे जाऊ लागली. श्रोत्यांना कुठेच जाता येत नाही हे लक्षात येऊन नलूताईंनी मधल्या वेळात विहीणबाईंची बॅग सापडवून दिली. माझे गुडघे सुटले, मग ताटली सुटली, मग मी. फटीतून तिळगुळाचा डबा निघाला तो भाकरीसारखा चपटा होऊन. बाहेर बुटांमध्ये बर्फ भरला होता. मैत्रिणींनी ओल्या मोज्यांनी माझा निरोप घेतला आणि प्रत्येकीने कानात एकच सल्ला दिला: उरलेल्या दोघांपैकी कुठलाही घे.

त्याची गरज नव्हती. अडकलेल्या अवस्थेत माझाही निश्चय झाला होता. खिडकी सुंदर होती. पण ज्या घराने सगळ्या गोतावळ्यासमोर मला सँडविचसारखे दाबले, त्याच्याशी जन्माची गाठ बांधण्याइतकी मी अजून कवी नव्हते.

अरविंद ट्रेलरखालून निघाला. कोटाची पाठ पांढरी, पुढची बाजू काळी, आणि कपाळावर ग्रीसचा ठसठशीत टिळा. (त्या दिवशी कुणाचेच कपाळ कोरे राहिले नाही.) तो डेलशी न थांबता बोलत होता, कुठला गिअर हलका आहे, कुठला बोल्ट बदलायला हवा. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. केसांत तीळ होते, शालूवर हळदीचा रस्सा वाळत होता, तरीही शक्य तितक्या धीरगंभीर स्वरात मी म्हणाले, "अरविंद, मी उजेड पाहिला, खिडकी पाहिली, पावसाचा आवाजसुद्धा विचारला, आणि काय झालं ते तू बघितलंस. आता तू निवड. तू म्हणशील ते घर मी मनापासून आपलं मानीन." माझी ही उदारता उरलेल्या दोन ट्रेलरपुरतीच होती, हे मी बोलले नाही.

त्याने एकदा तिन्ही ट्रेलरांकडे पाहिले. मग खाली वाकला, टॉर्च मारून पुन्हा एकदा पोटाखाली नजर टाकली, उठला, तळहात कोटाला पुसला, आणि ज्याने मला दाबून धरले होते त्याच ट्रेलरच्या कुशीवर, गोठ्यातल्या गाईवर ठेवावा तसा तो हात ठेवून, लहान मुलासारखा लखलखीत हसत म्हणाला,

"हाच."