काचवाल्याची बिनखांबी गाडी

आमच्या गल्लीत दोन माणसांना बायकोपेक्षा दुसरंच काहीतरी जास्त प्रिय आहे, असा बोलबाला होता. एक शिंपी, त्याला पत्ते. दुसरा काचवाला, त्याला त्याची अमेरिकन गाडी. शिंप्याच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं होतं, त्याची बायकोसुद्धा कबूल करायची. काचवाल्याच्या बाबतीत ते खोटं होतं. पण ते खोटं आहे हे दाखवून द्यायला त्याने इतका वेळ घेतला, की आता कुणाला सांगितलं तर हसतात.

काचवाला म्हणजे फोटोंना फ्रेमा करणारा. गल्लीच्या तोंडाशी त्याचं अरुंद दुकान, आत शिरायचं तर पोट आत घ्यायचं, कारण दोन्ही बाजूंना काचेचे तावदानी तुकडे उभे. कुणाच्या सासऱ्याचा डोळे वटारलेला फोटो, कुणाच्या पोराचं धावण्याच्या शर्यतीतलं प्रमाणपत्र, कुणी विणलेलं मांजर, सगळं त्याच्याकडे यायचं. काच कापायच्या हिरकणीने, म्हणजे हिऱ्याच्या टोकाने, काच अशी कापायचा की कर्र असा एकच आवाज, आणि तुकडा हातात. मग चौकट, मग मागून खाकी कागद, कडेने सरस, वरून वार्निशचा हात. धूळ आत जाता कामा नये, एवढा एकच धर्म त्याने आयुष्यभर पाळला. चांगली वस्तू दिसली की तिच्यावर काच कशी बसेल, हेच त्याच्या मनात आधी यायचं. मी त्याला म्हणायचो, "लेका, बरं झालं लग्नाच्या वेळी वहिनींच्या मापाची काच मिळाली नाही तुला."

वहिनी म्हणजे त्याची बायको. सरकारी दवाखान्यात नर्स. तोंडाने फटकळ, हाताने हलकी. त्यांनी दिलेलं इंजेक्शन कळत नाही आणि मारलेला टोमणा आठवडाभर दुखतो, असा त्यांचा लौकिक होता. मला त्या भावजी म्हणत आणि फारशी किंमत देत नसत.

तर गाडीचं असं झालं. स्टेशनाजवळचं एक मोठं हॉटेल बंद पडलं आणि त्याचं सामान विक्रीला निघालं. काचवाला तिथे आरसे बघायला गेला. जिन्यातले मोठे आरसे, कडा घासलेले, तसे आता मिळत नाहीत. सकाळी गेलेला माणूस दुपारी आला तो आरशांशिवाय. मागे, एका टेम्पोला दोरीने बांधून आणलेली गाडी. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, त्याला बराच वेळ लागला, आणि मग एवढंच विचारलं, "आरसा कुठंय?"

पण खरं सांगतो, गाडी दृष्ट लागण्यासारखी होती. खाली फिकट हिरवा रंग, वर सायीसारखं छप्पर, मागे माशाच्या शेपटीसारखे दोन पंख. आणि त्या गाडीची एक खासियत अशी, की तिला मधला खांब नव्हता. आपल्या साध्या मोटारीला पुढच्या आणि मागच्या दाराच्या मध्ये छप्पर पेलणारा खांब असतो. हिला तो नाही. चारही काचा खाली केल्या की बाजू पुढपासून मागपर्यंत सलग मोकळी. जणू छप्पर नुसतं हवेवर ठेवलंय. हॉटेलच्या जुन्या ड्रायव्हरने हे काचवाल्याला सांगितलं, काचवाल्याने घरी येऊन वहिनींना सांगितलं, आणि तिथेच त्याची चूक झाली. कारण वहिनींनी त्याच दिवशी सांगून टाकलं, "मग मला एकदा तळ्याकाठच्या रस्त्याने न्या. चारही काचा खाली करून. मला दुसरं काही नको."

"नेतो की," काचवाला म्हणाला. "जरा नीटनेटकी होऊ दे."

गाडी नीटनेटकी होत राहिली. दुकानामागच्या शेडमध्ये ती उभी असे, अंगावर दोन चादरी, सीटांवर जाड प्लास्टिक. दर रविवारी हा पठ्ठ्या चादरी काढायचा, इंजिन चालू करायचा, गल्लीच्या टोकापर्यंत न्यायचा आणि उलटी आणून लावायचा. काचा बंद. आत घामाने निथळलेला काचवाला, जणू त्यालाच कुणी फ्रेम करून भिंतीवर लावलंय. मी ओट्यावरून विचारायचो, "काय रे, वारा कसा आहे आत?" तो हात हलवायचा. ऐकू जात नसे त्याला.

वहिनी दवाखान्यात दोन बस बदलून जायच्या. एकदा बसवाल्यांचा संप झाला आणि नेमका पाऊसही लागला. वहिनी म्हणाल्या, "आज तरी सोडा." हा म्हणाला, "अगं, या पाण्यात खालून गंज धरतो." आणि मग काय केलं असेल? मोठी छत्री घेतली आणि तिच्याबरोबर दवाखान्यापर्यंत चालत गेला. छत्री सगळी तिच्यावर, स्वतः चिंब. सुट्टी झाली तेव्हा पुन्हा आणायला हजर. संप मिटेपर्यंत हे चाललं होतं. दवाखान्यातल्या बाकीच्या नर्सा म्हणाल्या, काय प्रेमळ नवरा आहे हो तुमचा. वहिनी म्हणाल्या, "हो ना. घरी एवढी मोठी गाडी आहे, म्हणून चालत येतो आम्ही."

आता बोला, असल्या माणसाला काय म्हणायचं? स्वतःच्या अंगाची त्याने कधी पर्वा केली नाही. पण गाडीवर ओरखडा नको.

वहिनी विचारत राहिल्या. लेकीचा निकाल लागला तेव्हा विचारलं, लेक नोकरीला परगावी गेली तेव्हा विचारलं, निवृत्त झाल्या त्या दिवशी विचारलं. दर वेळी कधी धूळ होती, कधी ऊन होतं, कधी तळ्याचा रस्ता खणून ठेवलेला होता. मग त्यांनी विचारणं सोडलं. कधी सोडलं ते काचवाल्याला कळलंही नाही. मला कळलं होतं, कारण गाडीवरून मारलेले टोमणेही बंद झाले. बाई टोमणे मारते तोवर बरं असतं.

पुढे तयार प्लास्टिकच्या फ्रेमा आल्या, लोक फोटो फोनमध्येच ठेवायला लागले, आणि काचवाल्याने दुकान विकायचं ठरवलं. दुकानाबरोबर मागची शेडही जाणार. गाडी ठेवायची कुठे? घरासमोर उघड्यावर? त्यापेक्षा मी उघड्यावर झोपतो, म्हणाला. शेवटी पेपरात जाहिरात दिली. मला वाचून दाखवली. "जुनी अमेरिकन मोटार, बिनखांबी, पक्क्या छपराची, अत्यंत जपलेली, मूळ रंग, घेतल्यापासून सीटा न वापरलेल्या, काचा एकदाही खाली न केलेल्या."

"अरे, ही गाडीची जाहिरात आहे की स्थळाची?" मी म्हणालो.

बघायला बरेच लोक आले आणि सगळ्यांना त्याने पळवून लावलं. एकाला वरातीला भाड्याने द्यायची होती, त्याला चहासुद्धा दिला नाही. एकाला विचारलं, मुलं किती, लहान आहेत का, गाडीत खातात का. तो बिचारा मुलांचं सांगता सांगता निघून गेला. शेवटी एक दातांचा डॉक्टर आला. तरुण, हसतमुख. त्याने चादर निघताच दोन पावलं मागे जाऊन गाडी बघितली आणि हात लावायच्या आधी रुमालाने बोटं पुसली. काचवाल्याला ते आवडलं. व्यवहार ठरला. डॉक्टर म्हणाला, "रविवारी न्यायला येतो. जाताना चारही काचा उतरवून जाईन, काका. या गाडीचा सगळा जीव त्यातच आहे. जाहिरातीत काही का लिहिलेलं असेना, तुम्ही तर खूप फिरला असाल तसे."

काचवाला "हो, हो" म्हणाला. पण तो गेल्यावर शेडच्या दारात बराच वेळ उभा होता.

शनिवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे पेपर परत द्यायला गेलो, तेव्हा हा न्हाऊनधुऊन, भांग पाडून स्वयंपाकघराच्या दारात उभा.

"अगं, चल. तळ्यावर जाऊन येऊ."

"आत्ता? कुकर लावलाय."

"बंद कर."

"भावजी, यांना ताप आहे का बघा हो जरा."

"गाडीने जाऊ," काचवाला म्हणाला. "काचा खाली करून."

वहिनींनी हात पुसले. त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, जणू मी काही शिकवून आणलंय. मग गॅस बंद केला आणि आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा ठेवणीतले कपडे घातले होते आणि केसांना पिना लावल्या होत्या. वारा लागेल म्हणून.

शेडमध्ये काचवाल्याने सीटांवरचं प्लास्टिक टरकावून काढलं. वहिनी पुढे बसल्या. हा स्टिअरिंगमागे बसला आणि आपल्या दाराची काच खाली करायची मूठ फिरवली. मूठ हलेना. वहिनींच्या बाजूला गेला. तीही नाही. मागची दोन्ही दारं झाली. मग त्याने वाकून काच जिथून दारात उतरते त्या फटीजवळ नाक नेलं, आणि तसाच वाकून राहिला.

झालं होतं असं, की त्या फटीला रबराची पट्टी असते. ती सुकू नये, चकचकीत राहावी, आणि मुख्य म्हणजे तिथून धूळ आत जाऊ नये, म्हणून हा दरवर्षी तिच्यावर ब्रशने वार्निश मारत आला होता. फ्रेमांवर मारायचं तेच. रबर आणि काच एकजीव झालं होतं. दुसऱ्या कुणाला हे सुचलंच नसतं. मेकॅनिक असता तर तेल सोडलं असतं, आळशी असता तर काहीच केलं नसतं, आणि दोघांच्याही काचा उतरल्या असत्या.

मी म्हणालो, "जोर लावून बघ."

त्याने मूठ दोन्ही हातांनी धरली, थोडा जोर लावला आणि एकदम सोडली. "नाही," म्हणाला. "तुटेल. काच फुटायच्या आधी हाताला सांगते."

वहिनी आत तशाच बसून होत्या. "राहू दे," त्या म्हणाल्या. "चला अशाच."

गेले. मी शेडचं दार लावून घरी आलो. ते परत आले तेव्हा दोघांचे चेहरे लाल, कपडे पाठीला चिकटलेले. तळ्याकाठी लोक हवा खात बसले होते, ते या गाडीकडे बोट दाखवत होते, आणि हे दोघं बंद काचेआडून त्यांच्याकडे बघत फेरी मारून आले. मी विचारलं, "कसं काय, वहिनी?"

"छान," त्या म्हणाल्या. "सगळं तळं फ्रेम करून दाखवलं यांनी."

खूप वर्षांनी मारलेला टोमणा. काचवाला हसला नाही.

रविवारी डॉक्टर आला तेव्हा याने सगळं खरं सांगितलं. काचा उतरत नाहीत, माझ्या हातची करणी आहे, पाहिजे तर किंमत कमी करा. डॉक्टरने पट्टीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "दात घासत नाहीत म्हणून मी लोकांना ओरडतो, काका. तुम्ही तर घासून घासून काचाच दारात बसवल्यात. सोडवू आपण." आणि गाडी घेऊन गेला.

नंतर बरेच दिवस काचवाला सकाळी उठून शेडकडे जायचा आणि तिथे दुकानाच्या नवीन मालकाची माणसं बघून परत यायचा. मी चिडवायचं ठरवलं की त्याचं तोंड बघून बेत रद्द करायचो. माझ्यासारख्या माणसाला हे किती जड जातं, ते मीच जाणतो.

मग एका संध्याकाळी गल्लीत हॉर्न वाजला. तीच गाडी. चारही काचा खाली. बाजू सलग मोकळी, आणि छप्पर खरंच हवेवर ठेवल्यासारखं. मागे डॉक्टरची बायको आणि म्हातारी आई. डॉक्टर उतरून थेट दारात आला.

"काका, काकू, चला. तळ्यावरून फेरी मारू. पहिली फेरी तुमची."

वहिनी पायरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. "चला की."

"तू जा," काचवाला म्हणाला.

"अहो, पुढे जागा आहे दोघांना," डॉक्टर म्हणाला. "ऐसपैस आहे."

"गुडघा दुखतोय. तिला न्या." मग जरा थांबून म्हणाला, "तिचं राहिलंय. माझं काही राहिलेलं नाही."

वहिनींनी शेंगांचं ताट त्याच्या हातात दिलं आणि तशाच, घरच्या कपड्यांत जाऊन बसल्या. पिना नाहीत, काही नाही. गाडी निघाली. कोपऱ्यावर वळताना त्यांचे केस सगळे सुटून चेहऱ्यावर आले होते, एक हात बाहेर होता, आणि त्या मोठ्याने हसत होत्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना ऐकलं नव्हतं. काचवाल्यानेही ऐकलं. तो ताट मांडीवर घेऊन पायरीवर बसला आणि शेंगा सोलायला लागला. दाणे टरफलांत टाकत होता आणि टरफलं दाण्यांत. 

अंधार पडायच्या आत त्या परत आल्या. गल्लीच्या तोंडाशीच उतरल्या, डॉक्टरच्या आईचा हात हातात घेऊन काहीतरी बोलल्या. गाडी गेली. गल्लीतून येईपर्यंत त्यांनी केस आवरले, चेहरा पुसला. दारात पोचल्या तेव्हा अगदी बाजारातून भाजी घेऊन आल्यासारख्या दिसत होत्या.

"कसं वाटलं?" काचवाल्याने विचारलं.

"बरं होतं," वहिनी म्हणाल्या. "वारा फार. कान दुखायला लागले माझे. तुम्ही म्हणायचा तेच खरं, काचा बंदच बऱ्या."

काचवाल्याने त्यांच्याकडे बघितलं, मान हलवली, आणि ताट खाली ठेवून औषधाच्या दुकानात गेला. परत आला तो कानात घालायचे थेंब घेऊन. आयुष्यभर लोकांच्या कानात औषध घातलेली ती बाई खुर्चीवर बसली, मान एका बाजूला कलती केली, आणि त्याने सांभाळून, एकेक करून थेंब सोडले. मग त्याने दुसरा कान पुढे कर म्हटलं, आणि वहिनींनी मुकाट्याने दुसराही केला.