फक्कीच्या रेघेवरचं घोसाळं

परवा सकाळी आमच्या परसात मिस्त्री टेप घेऊन उतरला आणि माझ्या वेलाच्या मांडवाखालून पांढऱ्या फक्कीची सरळ रेघ मारून मोकळा झाला. कोचिंगच्या पोरांसाठी तिथं दोन खोल्या काढायचं यांनी परस्पर ठरवलेलं…

लातूरच्या आमच्या गल्लीत आता परस उरलंय ते आमचंच. बाकी सगळीकडे खोल्या, कॉट आणि दोरीवर वाळणारे पोरांचे शर्ट. भूकंपानंतर सासऱ्यांनी वर मजला चढवू दिला नाही, म्हणून यांचा डोळा परसावर. यांचं दुकान बसलंय, घराला आधार हवा, हे मलाही कळतं.

पण मी मेंदी काढते, आणि माझी पद्धत एकच. त्या दिवसांत परसात जे आलं असेल, ते नवरीच्या हातावर. पावसाळ्यात घोसाळ्याची फुलं, थंडीत शेवंती, नंतर शेवग्याचा बहर… जुन्या फोटोतला हात बघून मी लग्न कधीचं ते सांगते.

हे मिस्त्रीसमोरच म्हणाले, "डिझाईन मोबाईलवर बी भेटतंय की. अन् उन्हाळ्यात हाय काय तिथं? नुसतं वाळकं काटूक."

लागलं मला. कारण खरंच काही नव्हतं. वेल वाळून गेलेला, कुंडीतल्या तुळशीनंही मान टाकलेली…

नेमक्या त्याच वेळी औशाहून शाहीनआपा आल्या, धाकट्या लेकीला घेऊन. थोरलीची मेंदी मीच काढली होती. आल्या आल्या म्हणाल्या, "ताई, थोरलीला घोसाळ्याची फुलं होती. हिच्यासाठी काय आलंय परसात?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मिस्त्रीही.

मी गपचूप मांडवाकडे गेले. बियाण्यासाठी ठेवलेलं एकच घोसाळं वाळून लटकत होतं. हलवलं तर बिया खुळखुळल्या. साल सोलली… आणि आत जाळी. इतकी बारीक आणि इतकी नेटकी की मी आजवर कुणाच्या हातावर तशी भरली नव्हती. दरवर्षी हेच घेऊन अंग घासतो आपण, आणि मी कधी नीट बघितलंच नव्हतं.

पोरीला तिथंच शेवग्याच्या सावलीत पाटावर बसवलं. घोसाळं समोर ठेवलं आणि तळहातावर जाळी धरली. घरं लहानमोठी, मधूनच एखाद्या घरात बी. पोर हातावरून नजर काढेना.

कोन खाली न ठेवता मी यांना सांगितलं, "खोली द्यायचीच तर बैठकीची द्या. शोकेस आत हलवू. माझी गिऱ्हाइकं परसात बसतील."

हे पोरीच्या हाताकडे बघत उभे. मग मिस्त्रीला म्हणाले, "चला, पुढची खोली मोजा. पार्टिशन बसतंय का बघा."

काल मी त्या घोसाळ्याच्या बिया फक्कीच्या रेघेवरच टोचल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पावसाला अजून वेळ आहे… तोवर भांड्यांचं पाणी घालीन, पण वेल चढवीनच.

शाहीनआपा, तुमचे आभार. तुम्ही विचारलंत म्हणून मी बघितलं.

आणि आज सकाळी बादली घेऊन गेले, तर रेघ आधीच ओली होती. दुकानाला जाण्याआधी हेच पाणी घालून गेले होते.