समुद्रगाय बघायला निघालो, नारळ घेऊन

माझ्या मुलीला, इराला, ब्रिटनमधल्या लाल खारीबद्दल सगळं माहीत आहे. ती कुठल्या झाडांवर राहते, बाहेरून आणलेल्या करड्या खारींनी तिला कसं हुसकावलं, त्यांच्यामुळे तिला कुठला रोग होतो आणि ती का कमी होत चाललीये, सगळं. हे तिला बहरीनच्या ब्रिटिश शाळेत शिकवलं. इथे खार तर सोडाच, गाडीला सावली देईल असं झाड सापडलं तरी आम्ही त्याचं लोकेशन मैत्रिणींना पाठवतो.

"मग इथला कुठला प्राणी कमी होतोय?" मी भाजी निवडता निवडता सहज विचारलं. हे असं सहज विचारणं मला नेहमी महागात पडतं.

"डूगाँग," इरा म्हणाली. "अँड आय वॉज बॉर्न हिअर, आई. आय हॅव नेव्हर सीन वन."

डूगाँग म्हणजे समुद्रगाय. बहरीन आणि कतारच्या मधल्या उथळ पाण्यात, हवार बेटांच्या आसपास हिवाळ्यात तिचे कळप असतात. माझ्या नवऱ्याचं, मंदारचं, कॉन्ट्रॅक्ट यंदा संपतंय. मार्चमध्ये व्हिसा संपला की आम्ही पुण्याला. इरा इथेच जन्मली, इथेच वाढली, पुणे तिला फक्त सुट्टीत डास चावण्याचं ठिकाण म्हणून माहीत. जायचं ठरल्यावर ती रडली नाही की भांडली नाही. तिची एकच अट होती: निघायच्या आधी इथली समुद्रगाय इथल्या समुद्रात, स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. मत्स्यालय चालणार नाही, व्हिडिओ चालणार नाही. मुलीचं आख्खं गाव काढून घेताना एवढं तरी द्यायलाच हवं, असं मला फार वाटलं. खरं सांगायचं तर अपराधीच वाटत होतं.

बोट मिळाली ती माझ्या ऑफिसातल्या जासिमची. जासिम बुसैतीनचा, बँकेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो आणि दर शुक्रवारी समुद्रावर जातो. भारतीयांशी तो हिंदीत बोलतो, म्हणजे आम्हाला हिंदी वाटेल असं काहीतरी.

"डूगाँग? बहोत है, सिस्टर. मैं इतना देखा, इतना देखा!" त्याने दोन्ही हात फाकवले. हमूर माशाबद्दल सांगतानाही तो हात एवढेच फाकवतो, म्हणून मी त्यातले निम्मे धरले.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी दोन शब्द. हिवाळ्यातला वारा नसलेला दिवस निवडा. उत्तरेचा वारा सुटला की पाणी गढूळ होतं आणि पोटातलं सगळं वर येतं. आम्ही सनाबिसहून, म्हणजे घरून, उजाडताना निघालो. मनामा मागे टाकून रिफाच्या बाजूने दक्षिणेला हायवे पकडला की रस्ता इतका सरळ आणि रिकामा, की मंदारला जुनी गाणी म्हणायची हुक्की येते. ते मात्र तुम्हाला टाळता येईल. वाटेत कोल्ड स्टोअर, म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं किराणा दुकान, तिथे करक चहा घ्या. चहा फार स्वस्त असतो आणि फार गोडही. शेजारी बेकरी असेल तर महयावा लावलेली गरम रोटी मागा. महयावा म्हणजे माशाची आंबवलेली चटणी. वासाने घाबरू नका. सुकट खाऊन वाढलेल्या माणसाला तो वास माहेरचा वाटतो. बोट भाड्याने घेत असाल तर आधीच घासाघीस करा, आणि सीपीआर, म्हणजे रहिवासी ओळखपत्र, जवळ ठेवा. तटरक्षक विचारतात.

अद-दूरच्या धक्क्यावर जासिम इंजिन सुरू करूनच उभा होता. मंदारने पिशवीतून शेंडीसकट नारळ काढला. मंदार दापोलीजवळच्या हर्णैचा. समुद्रात बोट घालायची तर आधी त्याला नारळ द्यायचा, हे त्याच्या रक्तात आहे. एरवी तो एसीचा इंजिनियर आहे आणि देवळाबाहेर चपला सांभाळत उभा राहतो.

"व्हॉट इज दिस? लंच?" जासिमने विचारलं.

"समुंदर के लिए," मंदार म्हणाला.

"समुंदर अभी ब्रेकफास्ट किया. यल्ला, यल्ला, पानी उतरता है!"

मंदार नारळासकट बोटीत ढकलला गेला. सगळ्या वाटेवर तो नारळ मांडीवर घेऊन बसला होता, बारशाला आलेल्या आत्यासारखा.

हवारच्या अलीकडे जासिमने इंजिन बंद केलं. खाली पाणी हिरवट, उथळ आणि तळाशी समुद्री गवत. ते गवत हेच समुद्रगायीचं सगळं जेवण. जासिमने तोंडावर बोट ठेवलं. त्याच्या अरबी-हिंदीत 'मफी' म्हणजे नाही. "अभी शोर मफी. खलास. बच्चा भी चुप, इंजिनियर भी चुप."

आम्ही गप्प. मराठी कुटुंब डबा उघडल्याशिवाय इतका वेळ गप्प बसल्याचं माझ्या पाहण्यात नाही. इरा डाव्या कडेला दुर्बीण लावून होती. पाणकावळ्यांची एक रांग पाण्याला घासत गेली. आणि मग उजव्या बाजूला, अगदी जवळ, पाण्यातून एक राखाडी तोंड वर आलं. रुंद, सुरकुतलेलं, झोपमोड झालेल्या काकांसारखं. वर दोन नाकपुड्या, झाकण उघडावं तशा उघडल्या. मी इराच्या खांद्याला हात लावला. ती वळली, आणि नेमक्या त्याच क्षणी मंदारला आपलं कर्तव्य आठवलं.

त्याने डोळे मिटून, भक्तिभावाने, नारळ समुद्राला दिला.

धप्प!

पाणी उडालं, जासिम "या अल्ला" म्हणून उडाला, आणि समुद्रगाय गेली. इराला दिसला तो फक्त हेलकावे खाणारा नारळ.

"व्हाय नाऊ, बाबा?" तिचा आवाज चिरकला. "व्हाय नाऊ?"

"अगं, राहून गेला होता," मंदार म्हणाला. त्याचा चेहरा बघवत नव्हता. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. माझ्या सासूबाई हा ब्लॉग वाचतात.

जासिमला वाईट वाटलं. "कोई बात नहीं, बेटी. नेक्स्ट विंटर फिर आएगा, इंशाल्ला."

"देअर इज नो नेक्स्ट विंटर," इरा म्हणाली आणि आमच्याकडे पाठ करून बसली.

जासिमला तेव्हा आमच्या व्हिसाचं आठवलं. पाणी उतरत होतं, खरं तर परत फिरायला हवं होतं. त्याने बोट हळूच दुसऱ्या बाजूला नेली, गवत आणखी दाट होतं तिथे. पुन्हा इंजिन बंद. वाट बघता बघता तो हलक्या आवाजात सांगत होता: समुद्रगाय जाळ्यात अडकली की श्वासाला वर येता येत नाही, बुडून मरते, वेगाने जाणाऱ्या बोटींचे पंखे लागतात, पिल्लू होतं तेही कित्येक वर्षांतून एक. आणि भराव. बुसैतीनमध्ये त्याच्या आजोबांच्या पायरीला पाणी लागायचं. आता पायरीपासून समुद्रापर्यंत मधे व्हिला आहेत, रस्ता आहे आणि एक बर्गरचं दुकान आहे. "बर्गर अच्छा है," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

तेवढ्यात इराने हात वर केला.

पाण्यात गढूळ रेघ उमटत होती. चरत चरत कुणीतरी येत होतं. मंदारने स्वतःचं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं. आधी आवाज आला, फुस्स, दमून जिना चढलेल्या माणसासारखा. मग पाठ, मग तिला चिकटून दुसरी, लहान पाठ. पिल्लू! दोघींनी श्वास घेतला, आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि रुंद शेपट्या दाखवून खाली गेल्या. इराने फोटो काढला नाही. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. मीही रडले, लपवत नाही. मंदार तर तोंडावरचे हात काढायलाच विसरला.

घरी पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. निम्मं सामान खोक्यांत भरलेलं. काय राहिलं या सहलीतून? माझ्या सॅंडलमध्ये वाळू, मंदारच्या नावावर एक कायमचा विनोद, आणि तो श्वासाचा आवाज, जो मला अजूनही मधेच ऐकू येतो. इरा बाल्कनीत उभी होती, समोर सीफच्या मॉलकडे बघत.

"हा पण समुद्र होता?" असं तिने विचारलं. इंग्रजीतच, मी मराठीत सांगतेय.

"हो," मंदार म्हणाला. "समोरचं सगळं भराव टाकून केलंय."

"आपल्याला जायला पुणे आहे. डूगाँग कुठे जाणार?"

"ती कशाला जाईल? ती इथलीच आहे. इथेच राहील."

इराने मॉलच्या पार्किंगकडे बोट दाखवलं.

"इथे म्हणजे कुठे, बाबा?"