बोटाचा भरवसा

आमच्या कॉलेजात समुद्र होता, बारा पावलं लांबीचा. काचेची टाकी, एका टोकाला हलणारी फळी. ती लाटा करायची. तळाला कोकणातल्या खाडीतून पिंपात भरून आणलेला चिखल. सोलापुरात नळाला पाणी येतं तीन-चार दिवसांनी, आणि मी त्यात मीठ कालवून समुद्र करत होतो. आधी आधी हसू यायचं. नंतर फक्त गुडघे दुखायचे.

संशोधन एका मॅडमचं, मी प्रयोगशाळेतला मदतनीस. हा चिखल नीट बसला की वरून लाटा गेल्या तरी दह्यासारखा नुसता थरथरतो. उलट लाटाच त्याच्यावरून जाताना दमतात, पलीकडे पोचेपर्यंत पार बसक्या होतात. पण मार खाऊन खाऊन तो आतून सैल पडतो आणि मग लाटेबरोबर चालू लागतो. तो किती जोराच्या लाटेला सुटतो, एवढंच मॅडमना मोजायचं होतं.

चिखल बसला का, हे मी बोटानं सांगायचो. मंद्रूपला आमच्या काळ्या रानात वडील पेरणीआधी मातीचा वाफसा तसाच बघायचे. बोट एका पेरावर अडलं की झालं. मॅडमचा यंत्रापेक्षा माझ्या बोटावर भरवसा.

शेवटचा प्रयोग उरला होता. शनिवारी संध्याकाळी टाकी रिकामी करून दुसऱ्यांना द्यायची होती. प्रयोग हुकला तर मॅडमची पदवी वर्षभर लांबणार होती. शुक्रवारी दुपारी त्या म्हणाल्या, "काका, बसलाय का बघा की."

बोट दोन पेरं आत गेलं. उद्या सकाळपर्यंत थांबायला हवं होतं. पण मग प्रयोग, उपसणं, धुणं, सगळं एकाच दिवशी माझ्या गळ्यात. मी फार दमलो होतो.

"व्हय, बसलाय," मी म्हणालो.

फळी हलली. पहिल्या बारीक लाटांनाच चिखल सुटला आणि थोड्या वेळात पलीकडच्या टोकाला जाऊन साचला. पाणी चहासारखं झालं. तो पुन्हा बसायला आठवडा लागला असता.

संध्याकाळी मॅडमचे मार्गदर्शक सर आले, काय झालं म्हणून विचारलं. मॅडम खाली बघत म्हणाल्या, "मीच घाई केली, सर. काका तर नेहमी मला थांबवतात."

मी बादलीनं चिखल उपसत होतो. उपसतच राहिलो.