सगळे सुटेपर्यंत थांबलेले काका

जगातल्या यच्चयावत प्राण्यांचा उद्धार झाल्याशिवाय स्वतःचा उद्धार करून घ्यायचा नाही, असं ठरवून बसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो भोपाळच्या आमच्या टाउनशिपमध्ये माझ्या समोरच्याच क्वार्टरमध्ये राहायचा. काका मूळचे नागपूरचे, कारखान्यात फोरमन. मी पुण्याहून नवा नोकरीला आलेला, एकटा. त्यामुळे संध्याकाळचा चहा त्यांच्याकडे. एका रविवारी ते सहज सांचीला गेले आणि बाहेरच्या दुकानातून महायान सूत्रांचं जाडजूड हिंदी भाषांतर घेऊन आले. निर्वाणाच्या दारापाशी पोचूनही बोधिसत्त्व आत जात नाही, शेवटचा जीव आत जाईपर्यंत तो बाहेर थांबतो, असं त्यात होतं. लोक हे वाचतात, हात जोडतात आणि जेवायला उठतात. काकांनी ते वरिष्ठांकडून आलेल्या हुकुमासारखं वाचलं आणि सोमवारपासून अमलात आणलं.

पहिला परिणाम शिफ्टच्या बसवर झाला. मागचे सगळे चढल्याखेरीज काका चढेनात, आणि तोवर बस सुटे. कारखान्यातल्या साहेबांनी बोलावून विचारलं, तर म्हणाले, "साहब, पीछे लोग थे।" साहेब म्हणाले, "पीछे तो हमेशा लोग रहेंगे।" काका समाधानाने म्हणाले, "वही तो।" यावर काय कारवाई करायची ते साहेबांना सुचलं नसावं. बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात ते वाकडी, मऊ पडलेली वांगी निवडून घेत, कारण चांगल्या वांग्यांना कोणीही नेईल. "बोधिसत्त्वाने किडकी वांगी खावीत असं लिहिलंय का त्यात?" काकूंनी एकदा विचारलं. काकांनी पुस्तक काढून खरोखर शोधलं. "तसं स्पष्ट नाही लिहिलं," ते म्हणाले, "पण मनाई पण नाही."

सगळ्या ब्लॉकमध्ये या करुणेला अपात्र असा एकच माणूस होता, असं आम्ही एकमताने धरून चाललो होतो. वरच्या मजल्यावरचे साहेब. कोणाची सायकल जिन्यात आहे, कोणाचा कुकर जास्त शिट्ट्या देतो, सगळ्याच्या ते लेखी तक्रारी करत. काकूंनी माहेरून रोप आणून अंगणात कढीपत्ता वाढवला होता. डास होतात म्हणून या साहेबांनी अर्ज केला आणि एका दुपारी माणसं येऊन झाड तोडून गेली. काकू त्या दिवशी जेवल्या नाहीत, आणि त्यानंतर त्यांनी त्या माणसाचं नाव घेतलं नाही.

मग त्या साहेबांना अर्धांगाचा झटका आला. बायको आधीच गेलेली, मुलगा लांब. दिवसा एक कामवाली असे, ती संध्याकाळी निघून जाई. आमच्यापैकी कोणी वर गेलं नाही. काकांची भूक मात्र त्याच सुमारास वाढली. रोज संध्याकाळी ते ताट वाढून घेत आणि बाहेर मोकळ्या हवेत जेवतो म्हणून निघून जात. काकूंना आनंद झाला. त्या जास्त खिचडी टाकू लागल्या.

हे बरेच दिवस चाललं असतं, पण साहेबांचा स्वभाव आजारातही शाबूत होता. एके संध्याकाळी मी चहा पीत बसलो असताना त्यांची कामवाली घरी जाता जाता दारात आली आणि म्हणाली, "भाभीजी, ऊपर वाले साहब कह रहे हैं, कल खिचड़ी में नमक ज़्यादा था।"

काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांनी भिंतीकडे.

"अहो, तुमच्या त्या सर्व प्राण्यांमध्ये," काकू अगदी शांतपणे म्हणाल्या, "मी येते का?"

मला उठून जायचं होतं, पण कप अर्धा होता. काकांनी भिंतीवरून नजर काढली. मग म्हणाले, "सुरुवात तुझ्यापासून करायची राहूनच गेली."

त्या संध्याकाळी काका वर गेले नाहीत. अंगणात, जिथे झाड होतं तिथे खुर्ची टाकून बसून राहिले. अंधार पडू लागला तशी वरून काठी आपटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा आला. काका हलले नाहीत. काकू स्वयंपाकघरातून ताट घेऊन बाहेर आल्या आणि आमच्यासमोरून जिना चढून गेल्या. बऱ्याच वेळाने रिकामं ताट घेऊन उतरल्या.

"रडत होता," त्या म्हणाल्या. "मी काही बोधिसत्त्व नाही. माफबीफ केलेलं नाही त्याला. खिचडी निवत होती म्हणून गेले."

पुढे मुलगा येऊन साहेबांना घेऊन जाईपर्यंत रोज काकूच वर जात. मीठ बेताचं घालत.

काका निवृत्त होऊन नागपूरला गेले, मीही भोपाळ सोडलं. मध्यंतरी त्यांना भेटायला गेलो तेव्हा काकू हयात नव्हत्या. सुनेने ताटं वाढली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "काकूंच्या हातच्या खिचडीची चव काही औरच होती."

"सगळे तसंच म्हणतात," काका म्हणाले. त्यांनी माझ्या ताटात तूप वाढलं, मग नातवाच्या; त्यांचं स्वतःचं ताट तसंच निवत होतं. "मी कधी गरम खाल्ली नाही रे."