पाहुण्यांसाठी तळं झाडलं

आता हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, नंतर चहा सांडतो. यंदा मी आमच्या मळवलीच्या तळ्यावरची बदकं पळवून लावली. तीही सेवा करून!

मी बंगला सांभाळतो. वीस वर्षं एकच काम. शेटचा फोन येतो, "शनिवारी पाहुणे आहेत," की लागलो झाडायला, पुसायला, गवत कापायला, स्विमिंग पूल घासायला. पाहुणा म्हटलं की माझा हात आपोआप झाडूकडे जातो.

तळ्यात बोटी आणायच्या की ते थंडीतल्या पाखरांसाठी राखायचं, हे ग्रामसभेत ठरायचं होतं. काठावर भात लावणारे आबा पाखरांच्या बाजूचे. पुण्याच्या एक मॅडम पक्षी मोजायला येणार होत्या.

आबा म्हणाले, "मोजणीत पाखरं दिसली तर तळं वाचंल. लय लांबनं पावणे आल्यात, जरा ध्यान ठेव."

आता पाहुण्यांचं ध्यान मी कसं ठेवणार, तुम्हीच सांगा. महिनाभर रोज तळ्यात उतरलो. लव्हाळं कापलं, शेवाळ उपसलं, काठ झाडला. बदकं उडून गेली. म्हटलं, साफसफाई चालू असताना पाहुणे बाहेर जाणारच, येतील परत.

मोजणीच्या सकाळी तळं लख्ख. पाखरू एक नाही.

"इथलं लव्हाळं कुठे गेलं?" मॅडमनी विचारलं.

"काढलं की. समदं चकाचक केलंय."

"अहो, बदकं त्यातच लपतात. आणि शेवाळ?"

"तेबी काढलं. लय घाण हुती."

"ती घाण खायलाच येतात ती इथे."

आबांनी कपाळाला हात लावला. मला काही सुधरेना. म्हणजे पाहुण्यांचं अंथरूण आणि ताट मीच फेकून दिलं? लाज वाटली हो. आबांचं तळं माझ्यापायी जाणार होतं.

तेवढ्यात शेटचा फोन. "मी बंगल्यावर आलोय. तू कुठे आहेस? पूल हिरवागार झालाय आणि त्यात ही बदकं कुणाची?"

तळ्याच्या नादात महिनाभर मी पूलला हातच लावला नव्हता!

तिघंही धावलो. शेवाळलेल्या पूलमध्ये तळ्यावरची सगळी बदकं मजेत चरत होती. मॅडम हसत हसत एकेक मोजून ती तळ्याचीच म्हणून वहीत लिहीत होत्या.

आबा म्हणाले, "पाखरं शानी हायेत. तुजा हात लागत न्हाई तितं जाऊन बसली."

ग्रामसभेत तळं वाचलं. आबांनीच ठराव मांडला. तळ्यावर आता दोघांना बंदी आहे. बोटींना, आणि मला.