उजवीकडून

सायकल मी पुण्यात शिकले. त्यामुळे मन जरा भरकटलं की माझी सायकल आपोआप रस्त्याच्या डाव्या अंगाला जाते. अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये इतकी वर्षं काढूनही ती खोड गेली नाही. शनिवारी आम्ही गावाबाहेर सायकली काढायचो, तेव्हा नवरा मुद्दाम मागे राहायचा.

"अगं, उजवीकडे. हा लक्ष्मी रोड नाही."

"कळलंय मला."

"कळलंय तर वळ की."

तो गेला त्यानंतरचा हिवाळा आणि उन्हाळा मी ग्रंथालयातल्या माझ्या टेबलाशी काढला. मराठी-हिंदी पुस्तकांच्या नोंदी करायचं काम, बोलावं फारसं लागत नाही. सप्टेंबरमध्ये राजीनामा दिला. माझी वरिष्ठ समजूतदार बाई. ती म्हणाली, "सोमवारपर्यंत हा माझ्याकडेच ठेवते. तुला पुण्याला परत जायचंय, की इथं राहवत नाही?" "सोमवारी सांगते," मी म्हणाले.

म्हणून शनिवारी सायकल काढली. नेहमीचाच रस्ता. नदी सोडली की थोडा चढ लागतो, मग डांबर संपतं आणि दोन्ही बाजूंना शेतं सुरू होतात. मका वाळला होता, वाऱ्यानं कागदासारखा वाजत होता. सोयाबीन पिवळं पडलेलं. एका घरासमोर विकायला भोपळे मांडले होते, जवळ माणूस कोणी नाही. घाई नव्हती. पाय फिरत होते, मी बघत होते.

समोरून एक पिकअप आला आणि माझ्यापुढे थांबला. म्हाताऱ्या शेतकऱ्यानं काच खाली केली.

"बाई, तुम्ही चुकीच्या बाजूनं चालला आहात," तो इंग्रजीत, अगदी हळू म्हणाला.

"सॉरी."

"सॉरी कशाला. जपून जा."

धूळ खाली बसेपर्यंत मी तिथंच उभी राहिले. किती वेळ डावीकडून चालले होते कुणास ठाऊक, आणि मागून कोणी काही बोललं नव्हतं. मग लक्षात आलं, पुण्याला तर डावी बाजूच बरोबर. तिथं मी चुकणारच नाही. मग नवऱ्याचा आवाज आठवायला निमित्त तरी काय उरणार? इतके दिवस मला वाटत होतं की घर सोडवत नाही, काम सोडवत नाही. सोडवत नव्हती ती ही एवढीशी चूक.

परतताना मुद्दाम उजवीकडून आले. घरापर्यंत कान मागेच होते. साखळीचा आवाज तेवढा येत होता.

सोमवारी माझ्या वरिष्ठ बाईला उत्तर दिलं, "दोन्ही." तिनं मान हलवली आणि राजीनामा पुढे पाठवला.

पुण्यात बहिणीकडे उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीची सायकल घेऊन भाजी आणायला निघाले. बऱ्याच दिवसांनी भर रहदारीत जायचं, म्हणून मन अजिबात भरकटू दिलं नाही. गल्लीतून बाहेर पडले आणि नीट, जपून, रस्त्याच्या उजव्या बाजूला लागले.

समोरची रिक्षा करकचून थांबली. रिक्षावाल्यानं डोकं बाहेर काढलं.

"ओ काकू, उलट्या बाजूनं कुठं?"

"कळलंय मला," मी म्हणाले.

"कळलंय तर वळा की."

मी वळले.